मेंदू, मन आणि अब्बांची नमाज

अब्बांना अर्धांगवायूचा झटका आला त्याला येत्या रबीउल अव्वलमध्ये दोन वर्षं होतील. फजरला उठले, वुजू करायला बसले आणि हातातला लोटा खाली पडला. अम्मीला वाटलं, बीपीची गोळी जास्त झाली असेल. तोंड थोडं वाकडं दिसत होतं, उजवा हात लुळा पडला होता, पण घरात सगळ्यांचं एकच म्हणणं, पित्त चढलंय. लिंबूपाणी झालं, शेजारच्या खालांनी नजर उतरवून झाली. भाऊ कामावर जायला निघाला तेव्हा त्याने नीट पाहिलं आणि रिक्षा बोलावली. मी शाळेतून धावत दवाखान्यात पोहोचले तेव्हा अकरा वाजले होते. डॉक्टर म्हणाले, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आम्ही ते साडेचार तास लिंबूपाण्यात घालवले होते. हे मुद्दाम लिहिते आहे. तोंड वाकडं होणं, एक हात न उचलणं, जीभ जड होणं, यातलं काहीही दिसलं तर लिंबूपाणी पाजत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

डॉक्टरांनी स्कॅनची फिल्म उजेडासमोर धरली. डाव्या बाजूला एक काळसर डाग होता. मी वर्गात नकाशावर छडी ठेवून "हा सांगली जिल्हा" म्हणते, तसं त्यांनी पेनाचं टोक ठेवलं आणि म्हणाले, "भाषा इथं असते. तुमच्या वडिलांना समजतंय बरंचसं, पण बोलणं गेलंय."

वीस वर्षं मी भाषा शिकवते. सकाळी उर्दू, दुपारी मराठी. भाषा इथं असते, असं बोट ठेवून मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. बीएडला मानसशास्त्राचा पेपर होता, त्यात मेंदूची एक आकृती होती. ती मी पाच मार्कांसाठी काढून आले होते आणि विसरले होते.

पहिले तीन दिवस अब्बांच्या तोंडून फक्त आवाज निघत होता. चौथ्या दिवशी नर्स चादर बदलायला आली आणि अब्बा स्पष्ट, खणखणीत आवाजात म्हणाले, "चला चला, मागं सरका!"

अब्बा एकतीस वर्षं एस.टी.त कंडक्टर होते. मिरज-जत मार्गावर त्यांची बरीच नोकरी गेली. "चला चला, मागं सरका" हे वाक्य त्यांनी आयुष्यात किती वेळा म्हटलं असेल याचा हिशेब करता येणार नाही. आम्ही सगळे हसलो आणि लगेच रडलो. भाऊ म्हणाला, "अब्बा, पानी चाहिये?" अब्बांनी तोंड उघडलं, कपाळावर घाम आला आणि पुन्हा तेच, "मागं सरका."

पुढच्या काही दिवसांत आणखी एक गोष्ट सापडली. कोणी "तानंग फाटा" म्हटलं की ते "कळंबी, भोसे" म्हणत थेट कवठे महांकाळपर्यंत जायचे. पण मधलं एकच गाव सांगा म्हटलं तर जमायचं नाही. पहिल्यापासून सुरुवात करावी लागायची.

अम्मीला याचं फार वाईट वाटलं. आमच्या घरात दखनी बोलतात. शाळेच्या फॉर्मवर मातृभाषेच्या रकान्यात आम्ही उर्दू लिहितो, तो वेगळा विषय आहे, त्यावर कधीतरी लिहीन. अम्मी म्हणाली, "घर की बात भूल गये, एष्टी की याद रही." मी तिला समजावलं की यात रागवण्यासारखं काही नाही. दोन भाषा बोलणाऱ्या माणसाची वाचा गेली की कोणती भाषा आधी परत येते, यावर फ्रान्समध्ये सव्वाशे वर्षांपूर्वीपासून वाद आहे. रिबो नावाचे अभ्यासक म्हणायचे, लहानपणी शिकलेलं शेवटपर्यंत टिकतं. अल्बेर पित्र नावाच्या डॉक्टरांनी 1895 मध्ये रुग्ण पाहून सांगितलं, आजाराच्या आधी जी भाषा जास्त वापरात होती ती आधी येते. अब्बांच्या बाबतीत पित्र बरोबर निघाले असं म्हणावं तर ते निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती. अम्मीला पित्र आणि रिबोशी काही घेणंदेणं नव्हतं. पन्नास वर्षं जिच्याशी ज्या जुबानीत संसार केला ती गेली आणि गाडीतल्या परक्या माणसांची राहिली, एवढंच तिला दिसत होतं.

मग दुसऱ्या आठवड्यात, घरी आणल्यावर, मगरीबची अजान झाली आणि खाटेवर पडल्या पडल्या अब्बांनी पूर्ण सूरह फातिहा पढली. एक अक्षर चुकलं नाही. उच्चार तसेच, थांबे तसेच, शेवटी आमीन. अम्मीने हातातलं काम टाकलं. भाऊ माझ्याकडे बघून म्हणाला, "देखा आपा? रूह को कुछ नहीं हुआ." पाच मिनिटांनी त्याच अब्बांना पाणी मागता येईना.

माझं वाचन इथून सुरू झालं. रात्री घरचं आवरून मोबाईलवर आणि सहकाऱ्याने आणून दिलेल्या दोन पुस्तकांत मी अब्बांना शोधायला लागले.

1861 मध्ये पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात एक माणूस मरण पावला. त्याचं आडनाव लेबोर्न्य, पण सगळे त्याला "तान" म्हणायचे, कारण एकवीस वर्षं त्याला तेवढाच एक आवाज काढता येत होता. काहीही विचारा, उत्तर तान, तान. समजत मात्र होतं. हाताच्या खुणांनी सांगायचा. फार चिडला की एक शिवी मात्र अख्खी बाहेर पडायची. पॉल ब्रोका या शल्यचिकित्सकाने मृत्यूनंतर त्याचा मेंदू पाहिला तर डाव्या बाजूला पुढच्या भागात जागा खराब झालेली. पुढे असेच आणखी रुग्ण मिळाले आणि मेंदूच्या त्या भागाला ब्रोकाचं नाव पडलं. तानचा मेंदू पॅरिसमध्ये आजही जपून ठेवला आहे. डॉक्टरांनी पेनाचं टोक जिथे ठेवलं होतं, तिथेच आसपास.

शिवीचं कोडं इंग्लंडच्या ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी थोडं सोडवलं. ते म्हणाले, बोलणं दोन प्रकारचं आहे. एक, ज्यात आपण त्या क्षणी विचार करून नवं वाक्य जुळवतो. दुसरं, जे घोटून घोटून तयार झालेलं असतं आणि अख्खंच्या अख्खं बाहेर येतं. शिव्या, पाढे, वारांची नावं, गाणी, दुआ. पहिल्यासाठी डावा मेंदू लागतो. दुसऱ्याला उजवी बाजू आणि मेंदूच्या तळाशी, खोलवर असलेल्या गाठी चालवून नेतात, असं आता मानतात. म्हणून पाणी जातं आणि पाढे राहतात. मागं सरका राहतं. फातिहा राहते.

हे वाचून मला फार शहाणपण आलं. दुसऱ्या दिवशी भाऊ पुन्हा रूहचं म्हणायला लागला तेव्हा मी त्याला म्हटलं, "ते पढत नाहीत रे, ते आपोआप वाजतंय. टेपरेकॉर्डर समज. लहानपणी मक्तबमध्ये भरलेली टेप आहे."

अब्बा दोन हातांवर खाटेवर होते. डोळे मिटलेले. मला वाटलं झोपलेत.

त्या संध्याकाळी त्यांनी काही पढलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. अम्मी म्हणाली, तब्येत ठीक नसेल. तिसऱ्या दिवशी अजान झाली, मी त्यांच्या डोक्यावर टोपी ठेवायला गेले तर त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं. समजतंय बरंचसं, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आणि मी मराठीत बोलले होते, जी त्यांची आधी परत आलेली भाषा होती.

सहा दिवस असे गेले. सातव्या दिवशी मी त्यांच्या पायाशी बसून माफी मागितली. काय म्हणाले ते आता शब्दशः आठवत नाही. बहुतेक एवढंच, की मला काही कळत नाही, पुस्तकं वाचून बोलले. ते बराच वेळ छताकडे बघत राहिले. मग डावा हात लांबवून टोपी स्वतः घेतली आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "चला चला, मागं सरका." तेच शब्द, पण सूर असा होता जसा लहानपणी ताप आल्यावर "झोप आता" म्हणताना असायचा. नंतर वाचलं की अशा रुग्णांचे शब्द जातात पण बोलण्यातला चढउतार बऱ्याचदा शिल्लक राहतो. ते मला त्या दिवशी माहीत नव्हतं, तरी मला नेमकं कळलं.

आता या टेपरेकॉर्डरबद्दल. अब्बांच्या फातिहाला मी आपोआप म्हटलं. पण माझी काय गोष्ट आहे? माझा मेंदू धडधाकट आहे, एकही डाग नाही. मार्चमध्ये असरची नमाज पढताना तोंडातून सूरह चाललेली असते आणि डोक्यात आठवीच्या पेपरांची बेरीज. सलाम फेरल्यावर किती रकात झाल्या हे आठवावं लागतं. पढणं मेंदूतल्या घोटलेल्या वाटेने चाललेलं असतं, तसंच जसं अब्बांचं. टेप कोणाची वाजते आहे मग? आणि अब्बा, ज्यांना दुसरे शब्दच नाहीत, ते आपल्याकडे असलेल्या एकमेव अखंड गोष्टीत मन घालून पढत नसतील, हे मी कशावरून ठरवलं? घोटलेल्या वाटेवरूनही माणूस भान ठेवून चालू शकतो. अब्बा एकतीस वर्षं त्याच रस्त्याने जात होते, म्हणून खिडकीबाहेर बघत नव्हते असं नाही.

भाषा शिकवणारी असल्यामुळे मला शब्दांपाशी थांबायची सवय आहे. दवाखान्यात पहिला प्रश्न असतो, पेशंट शुद्धीवर आहे का? शुद्ध हा एक शब्द. मग भान. मग जाणीव. उर्दूत होश वेगळा, शऊर वेगळा. माणूस डोळे उघडे ठेवून बेभान असू शकतो. उलटही असतं. 2006 मध्ये एड्रियन ओवेन या शास्त्रज्ञांनी एका तेवीस वर्षांच्या मुलीबद्दल लिहिलं. अपघातानंतर ती डोळे उघडायची, मिटायची, पण कशालाच प्रतिसाद नव्हता. तिला आत काही कळत नाही असं धरून चालले होते. त्यांनी तिला मेंदूची हालचाल दाखवणाऱ्या यंत्रात ठेवून सांगितलं, आपण टेनिस खेळतोय अशी कल्पना कर. मग सांगितलं, आपल्या घरातल्या खोल्यांतून फिरतोय अशी कल्पना कर. दोन्ही वेळा मेंदूचे वेगवेगळे भाग जागे झाले, निरोगी माणसांचे होतात तेच. खोलीत जे लोक तिच्याबद्दल बोलत होते ते ती ऐकत होती, असं म्हणायला जागा आहे. मी हे वाचलं तेव्हा मला आमची खोली आठवली.

मराठीत मनाला पत्ता नाही. मन लागतं, मोडतं, उडतं, पण ते शरीरात कुठे असतं हे भाषा सांगत नाही. काळजाचा ठोका चुकतो, डोकं फिरतं. उर्दूत सगळा कारभार दिलाकडे आहे. कुरआनमध्ये कल्बचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो, म्हणून काही लोक म्हणतात की विचार हृदयात होतो आणि विज्ञान एक दिवस मान्य करेल. मला ही ओढाताण बरी वाटत नाही. "दिलसे बोला" म्हणणाऱ्या माणसाला कोणी स्टेथोस्कोप लावत नाही. आपल्याच परंपरेत इब्ने सीना होते, 1037 मध्ये वारले. "अल-कानून" हा त्यांचा वैद्यकाचा ग्रंथ युरोपात शेकडो वर्षं शिकवला गेला. कल्पना, अंदाज, स्मरण या शक्तींना त्यांनी मेंदूच्या आतल्या पोकळ्यांमध्ये जागा वाटून दिली होत्या, एका ठिकाणी मार लागला तर स्मरण जातं, दुसरीकडे लागला तर कल्पना. जागा आज चुकीच्या ठरल्या, पण बोट मेंदूवरच होतं. आणि त्याच इब्ने सीनांनी असंही म्हटलं की कल्पना करा, एक माणूस हवेत अधांतरी निर्माण झाला आहे. डोळे झाकलेले, हातपाय एकमेकांना लागत नाहीत, कशाचाच स्पर्श नाही. त्याला आपल्याला शरीर आहे हे कळणार नाही, पण "मी आहे" हे कळेल. म्हणून तो "मी" शरीराहून वेगळा. मला हा माणूस आवडतो. वैद्य म्हणून एक, विचारवंत म्हणून एक, आणि दोघांना एकाच पगडीखाली ठेवलेलं.

हवेतल्या माणसाला "मी आहे" हे कळायला मेंदू लागणार नाही का, असा प्रश्न मात्र मला पडतोच. शरीराचा विचार न करता स्वतःचा विचार करता येतो म्हणजे शरीराशिवाय असता येतं, असं होत नाही. अब्बांचा चष्मा न आठवता मी अब्बांना आठवू शकते, तरी चष्म्याशिवाय त्यांना दिसत नाही.

भावाचं म्हणणं रेडिओचं आहे. मेंदू म्हणजे रेडिओ, रूह म्हणजे लहरी. रेडिओ बिघडला, लहरी तशाच आहेत. ऐकायला छान वाटतं. पण रेडिओ बिघडला तर खरखर येते, बातम्या देणाऱ्याचा स्वभाव बदलत नाही. मेंदूला इजा झाली की स्वभावही बदलतो. 1848 मध्ये अमेरिकेत फिनियस गेज नावाच्या रेल्वेच्या मुकादमाच्या गालातून शिरून डोक्यातून लोखंडी सळई आरपार गेली. तो वाचला, चालू-बोलू लागला, पण शांत, जबाबदार माणूस शिवराळ आणि लहरी झाला, मित्र म्हणाले हा आमचा गेज नाही. अब्बा आयुष्यात कोणासमोर रडले नव्हते. आता टीव्हीवर लग्नाचा सीन आला तरी रडतात. लहरी तशाच असतील तर हे रडणं कुठल्या स्टेशनवरून येतंय?

आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर दुसऱ्या टोकाला. ते म्हणतात, मॅडम, मन म्हणजे मेंदू, विषय संपला. सुमारे 8600 कोटी पेशी, त्यांच्यातली विजेची आणि रसायनांची देवाणघेवाण. वजन दीड किलोही नाही आणि शरीराच्या इंधनातला पाचवा हिस्सा खातो. हे सगळं खरं आहे. पण विषय संपत नाही. पेशींचा हिशेब पूर्ण लागला, कुठली वीज कुठे गेली हे कळलं, तरी त्या विजेला आतून काही वाटतं हे का? अब्बांना शब्द सापडत नाही तेव्हा जे कोंडल्यासारखं होतं, ते स्कॅनवर डाग म्हणून दिसतं, पण कोंडल्यासारखं दिसत नाही. डेव्हिड चाल्मर्स या तत्त्वज्ञाने 1995 मध्ये याला अवघड प्रश्न असं नावच दिलं. बाकीचे प्रश्न सोपे नाहीत, पण ते कसे सोडवायचे हे निदान माहीत आहे. याचं तेही माहीत नाही. सर म्हणतात, सापडेल. सापडेलही. पण "सापडेल" आणि "विषय संपला" ही दोन वेगळी वाक्यं आहेत, हे मी सातवीच्या मुलांनाही शिकवते.

सूरह बनी इस्राईलमध्ये रूहबद्दल लोक विचारतात असा उल्लेख आहे आणि उत्तराचा सूर असा आहे की ही रबच्या हुकमाची बाब आहे, तुम्हाला थोडंच ज्ञान दिलं आहे. काहीजण त्याचा अर्थ घेतात, विचारू नका. मला तो तसा वाटत नाही. थोडं दिलं आहे तर ते थोडं तरी नीट वापरावं. त्या थोड्यात स्कॅन येतं, इंजेक्शनचे साडेचार तास येतात.

मी मोहल्ल्यातल्या मौलानांना घाबरत घाबरत विचारलं होतं, अब्बांची नमाज होते का? मला वाटलं होतं ते आकिल-बालिगची शर्त काढतील. त्यांनी उलट मलाच विचारलं, "त्यांना वेळ कळते? माणसं कळतात?" म्हटलं, कळतात. अजान दोन मिनिटं उशिरा झाली तर घड्याळाकडे बोट दाखवतात. मौलाना म्हणाले, "मग प्रश्न कसला? मुक्या माणसाला किरअत माफ आहे. नियत जिभेने होत नाही." ते आधुनिक मेंदूविज्ञान शिकलेले नाहीत. पण बोलणं म्हणजे मन नव्हे, हे त्यांना माझ्याआधी समजलं होतं.

आता रोज शाळा सुटल्यावर मी अब्बांचा वर्ग घेते. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी रीत दाखवली आहे. जे शब्द बोलता येत नाहीत ते सुरात म्हणवून घ्यायचे, डाव्या हाताने ठेका धरून. बोस्टनच्या डॉक्टरांनी 1973 मध्ये ही पद्धत काढली. आम्ही गाण्याऐवजी कंडक्टरची चाल लावली. "तानंग फाटा, कळंबी, भोसे" याच ठेक्यावर "पाणी पाहिजे, गार पाहिजे". तीन महिने लागले पाण्याला. ज्या दिवशी त्यांनी ठेका न धरता पाणी मागितलं त्या दिवशी अम्मीने पेल्याऐवजी अख्खी कळशीच आणली. मेंदूत त्या काळ्या डागाच्या शेजारच्या आणि पलीकडच्या पेशी थोडं थोडं काम उचलतात, डाग जात नाही. पहिलीच्या मुलांसारखी मी एक वही केली आहे. नवा शब्द आला की तारीख घालून लिहिते. कालपर्यंत चौसष्ट झाले. त्यात एकेचाळीस मराठी, बाकीचे घरचे. अम्मी रोज वहीत आपले मोजते.

काल जेवताना अब्बांनी डाळीचा घास घेतला, थांबले, डावा हात मांडीवर आपटत राहिले आणि एकदम म्हणाले, "मीठ." पासष्टावा. मी वही आणायला उठले. अम्मी म्हणाली, "मीठ क्या, नमक बोलो."

अब्बांनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मागं सरका."